घरी पेल एल (फिकट रंगाची, कडवट बियर) करायची आहे, पहिली किट कुठली घेऊ? बजेट ६० पौंड

रीडिंगकर, २६ ऑक्टोबर, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये रीडिंगला एका बेडरूमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं राहतो. यंदा थर्टीफर्स्टला सांगलीच्या कॉलेजमधले सहा मित्र येणार आहेत. त्यांच्यासमोर स्वतः केलेली पेल एल ठेवायची असं मनात पक्कं केलंय. इडलीचं पीठ आणि दही सोडलं तर घरी आजवर काही आंबवलेलं नाही.

बजेट सगळं धरून ६० पौंड. तीन किटांवर नजर आहे. पहिली एका डब्याची: हॉप्स (बियरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घातलेलं १.७ किलो माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणून वाळवलेल्या जवाचा घट्ट पाक), झाकणाखाली यीस्टची पुडी, वरून किलोभर साखर आपली, २३ लिटर बियर होते. दुसरी ३ किलो एक्स्ट्रॅक्टची, साखर लागत नाही, हॉप्स वेगळे येतात, तीही २३ लिटरचीच. तिसरी छोटी, एका गॅलनची: भरडलेलं माल्ट, हॉप्स, यीस्ट, काचेचा जार, थर्मामीटर, आणि सगळं आपण शिजवायचं. साडेचार लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या जेमतेम ९ बाटल्या. आईने येताना बांधून दिलेलं १२ लिटरचं स्टीलचं पातेलं घरात आहे. ज्यांनी स्वतः केलीय त्यांनी सांगा.

मेलबर्नची_मावशी, २७ ऑक्टोबर
पहिली घे, डोळे झाकून. अकरा वर्षं मी हेच करतेय. कूपर्सचा डबा. ॲडलेडची कंपनी आहे, १८६२ पासूनची, आणि त्यांच्या बाटलीतल्या पेल एलच्या तळाशी अजूनही यीस्टचा गाळ असतो, इकडे लोक बाटली लोळवून मग ओततात. डबा उघडायच्या आधी दहा मिनिटं गरम पाण्यात ठेव, नाहीतर ते काकवीसारखं घट्ट असतं आणि अर्धं डब्यालाच चिकटून राहतं. फक्त पांढरी साखर किलोभर घालू नकोस. त्याऐवजी अर्धा किलो सुकं माल्ट आणि अर्धा किलो डेक्स्ट्रोज (ग्लुकोजची पावडर) घाल. नुसत्या साखरेने बियर पाणचट होते, तोंडात काही उरतच नाही. माझ्या धाकट्या दिराला अजून पटत नाही मी करते ते.

जर्सीसिटीचा_जोशी, २७ ऑक्टोबर
डबे वगैरे सोडा हो. पेल एल करायची तर धान्यापासूनच करा. मी गेल्या वर्षी ३० लिटरचं इलेक्ट्रिक यंत्र घेतलं, तापमान लावलं की स्वतः धरून ठेवतं, पंप आहे, आत थंड करायची कॉइल आहे. साडेचार किलो पेल माल्ट, ३०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट, तासभर उकळ, कॅस्केड जातीचे हॉप्स तीन वेळा. कॅस्केड १९७२ साली बाजारात आलं आणि सिएरा नेव्हाडा या अमेरिकन कंपनीच्या पेल एलने ते घराघरात पोचवलं. तो ग्रेपफ्रूटच्या सालीसारखा वास डब्यातून येणार नाही, हे मी लिहून देतो. एकदा खर्च केला की वीस वर्षं बघायला नको.

रीडिंगकर, २७ ऑक्टोबर
जोशीकाका, ते यंत्र माझ्या बजेटच्या काही पट पुढे आहे, आणि ठेवायला जागाही नाही. ६० पौंडांतच बसवायचंय.

लेस्टरवाला, २७ ऑक्टोबर
किट कुठलीही घ्या, आधी हायड्रोमीटर घ्या (पाण्याच्या तुलनेत द्रव किती जड ते मोजणारी नळी; साखर संपत जाते तसा आकडा उतरतो). माझी गोष्ट सांगतो. तीन वर्षांपूर्वी ३ किलोवाली एक किट घेतली, नाव सांगत नाही. कागदावर लिहिलं होतं सहा दिवसांत बाटलीत भरा. सहाव्या दिवशी बुडबुडे थांबले, मी भरली. फर्मेंटेशन (यीस्टने साखरेची दारू आणि गॅस करणं) अर्धवट अडकलं होतं, हे मला कळायला मार्ग नव्हता, कारण मोजलंच नव्हतं. जिन्याखालच्या कपाटात ठेवल्या ४० बाटल्या. बाराव्या रात्री दोन वाजता पहिला आवाज झाला. मला वाटलं कोणी दार तोडतंय. सकाळपर्यंत ७ फुटल्या. काचेचा एक तुकडा कपाटाच्या लाकडी दारात रुतला होता, तो पकडीने काढावा लागला. त्याच कपाटात मुलीची सायकल असते आणि ती रोज सकाळी स्वतः काढते. उरलेल्या ३३ बाटल्यांवर ब्लँकेट टाकलं, जाड हातमोजे आणि चष्मा घालून एकेक बाहेर नेली आणि झाकणं सैल केली.

म्हणून सांगतो, बुडबुड्यांवर विसंबू नका. सुरुवातीला मोजा, समजा १.०४८ आलं. दहा दिवसांनी मोजा, दोन-तीन दिवस थांबून परत मोजा. दोन्ही आकडे सारखे आणि १.०१० च्या आसपास आले तरच बाटली. १.०२० वर अडकलं असेल तर हात लावू नका. खोली थोडी उबदार करा, भांडं हलक्या हाताने गोल फिरवा, आठवडा जाऊ द्या.

पुण्याचा_प्रसन्न, २७ ऑक्टोबर
धागा वाचतोय. माझा भाऊ डिसेंबरमध्ये लंडनहून येतोय. त्याला एक डबा आणायला सांगितलं तर इथे कोथरूडला फ्लॅटमध्ये करता येईल का? एप्रिलच्या आधी उरकेन.

जुना_जाणता, २८ ऑक्टोबर
प्रसन्न, नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते विकायला असो वा घरी प्यायला. भावाच्या बॅगेत डबा मागवू नका. इंग्लंडमध्ये स्वतःपुरती करायला १९६३ पासून परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८ साली कायद्यावर सही केली आणि घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत परवानगी मिळाली. तरी अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत २०१३ उजाडलं.

आता मूळ प्रश्न. पेल एलचं आणि आपलं जुनं नातं आहे. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीतली (बियरच्या कारखान्यातली) बियर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबईला यायची. त्याने खास भारतासाठी हा प्रकार शोधून काढला, जास्त हॉप्स घातले म्हणून प्रवासात टिकली.

लेस्टरवाला, २८ ऑक्टोबर
काका, शोधून काढला हे खरं नाही. हॉप्स जास्त घातले तर बियर टिकते, हे इंग्लंडमध्ये आधीपासून माहीत होतं. हॉजसन गोदीजवळ होता आणि कप्तानांना लांब मुदतीची उधारी द्यायचा, म्हणून त्याचा माल चढला. पुढे १८२० च्या दशकात इंग्लंडमधल्या बर्टन गावचे बियरवाले उतरले आणि त्यांनी बाजार घेतला, कारण तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम हे खनिज भरपूर. त्या पाण्याने हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ लागतो.

जुना_जाणता, २८ ऑक्टोबर
उधारीचं मान्य. पण मुंबई-कलकत्त्याची गिऱ्हाईकं नसती तर त्या बियरला इंडिया पेल एल हे नाव लागलं नसतं, एवढं तरी द्याल की नाही?

मिल्टनकीन्सची_मेघा, २८ ऑक्टोबर
मी दुसऱ्या प्रकारची केली, ३ किलोवाली. पहिल्यापेक्षा कितीतरी छान लागते, दहा-बारा पौंड जास्त गेले तरी चालेल. हॉप्स मोकळे टाकू नका. माझे मोकळे टाकलेले हॉप्स नळीत अडकले आणि बाटल्या भरताना तासभर गेला. श्रीखंडाला चक्का बांधतो ते मलमलचं फडकं घ्या, दहा मिनिटं उकळा, त्यात हॉप्स सैल बांधून सोडा. सैल म्हणजे खरंच सैल, ते फुगतात. आणि हायड्रोमीटर नक्की घ्या बरं का, कोणी सांगितलं नसेल तर.

लेस्टरवाला, २८ ऑक्टोबर
मेघाताई, वर सांगितलंय.

मेलबर्नची_मावशी, २८ ऑक्टोबर
फडक्याला जुना दह्याचा वास असेल तर तेच फडकं आणू नकोस रे. नवं आण. दह्यातले जंतू बियरमध्ये गेले की आंबट होते, मग कितीही हॉप्स घाल. शेवटच्या उकळीनंतर जे जे बियरला लागणार, झाकण, नळी, चमचा, तुझा हात, ते सगळं सॅनिटायझरमध्ये बुडालेलं हवं. भांड्याच्या साबणाने भागत नाही.

रीडिंगकर, २८ ऑक्टोबर
तीन अडचणी आहेत. इथलं पाणी फार जड आहे, किटलीत पंधरा दिवसांत पांढरा थर बसतो. रात्री हीटिंग बंद केलं की स्वयंपाकघर १५ अंशांवर येतं. आणि रिकाम्या बाटल्या नाहीत.

जर्सीसिटीचा_जोशी, २८ ऑक्टोबर
पाण्याला उलट ऑस्मोसिसचा (आरओ) फिल्टर लावा. मी लावलाय. मग जिप्सम मोजून घालायचं, लेस्टरवाल्यांनी बर्टनचं सांगितलं तसं.

लेस्टरवाला, २८ ऑक्टोबर
फिल्टर नको. डब्याच्या किटला तुमचं पाणी चालतं. धान्यापासून फिकी बियर करायची तर जड पाणी थोडं त्रास देतं, पातेल्यात अर्धं बाटलीतलं साधं पाणी मिसळा, काम होतं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचं मात्र बघाच. २३ लिटरला कॅम्पडनची (क्लोरीन घालवणारी) अर्धी गोळी चुरून टाका, पुष्कळ झाली. ती न टाकता केली की औषधाच्या दुकानासारखा वास येतो आणि तो कधीच जात नाही.

थंडीचं म्हणाल तर एलच्या यीस्टला १८ ते २० अंश लागतात. मोठ्या बादलीत पाणी भरा, जार त्यात उभा करा. एवढं पाणी रात्रभरात पटकन गार होत नाही. वरून जुना टॉवेल गुंडाळा. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात महत्त्वाचे, पुढे एखादा अंश इकडेतिकडे झालं तर चालतं.

बाटल्या विकत घेऊ नका. दुकानातल्या एलच्या तपकिरी, जाड, झाकण ठोकायच्या बाटल्या शेजाऱ्यांकडून मागा. पारदर्शक नकोत, उजेडाने हॉप्सला घाण वास येतो. पहिल्या खेपेला प्लास्टिकच्या बियरच्या बाटल्या उत्तम, दाबून कळतं गॅस किती झाला ते, आणि काच नाही.

पुण्याचा_प्रसन्न, २९ ऑक्टोबर
परवान्याबद्दल सांगितलंत ते बरं झालं. भावाला चीज आणायला सांगितलं.

मेलबर्नची_मावशी, २९ ऑक्टोबर
म्हणजे काय घेणार, ते सांग ना. पहिली ना? गॅलनवाली घेऊ नकोस. कष्ट तेवढेच आणि ९ बाटल्या. सहा माणसांना घोटभर येईल.

मिल्टनकीन्सची_मेघा, २९ ऑक्टोबर
मावशींशी सहमत. गॅलनवाली नको. दुसरी घ्या.

लेस्टरवाला, २९ ऑक्टोबर
मीही तेच म्हणेन. मोजायला दरवेळी १०० मिलिलिटर काढावी लागते, ती परत ओतायची नसते. साडेचार लिटरमधून तीनदा काढली तर अर्धी बाटली गेलीच.

रीडिंगकर, ३० ऑक्टोबर, रात्री ११:१५
सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरी घेतली. रागावू नका.

कारण सांगतो. डबा ओतून पाणी घातलं की झालं, यात मला समाधान वाटत नाही. त्या दाण्यांतली साखर पाण्यात कशी उतरते ते मला बघायचंय. किटमधल्या कागदावर लिहिलंय, भरडलेलं माल्ट ६७ अंशांवर तासभर ठेवायचं. आज नुसत्या पाण्याने करून पाहिलं. आईच्या पातेल्यात ६८ अंशांचं पाणी, झाकण, त्यावर बायकोने माहेरून आणलेली गोधडी दोनदा गुंडाळली. तासाने उघडलं तर ६५. म्हणजे यंत्र नको, गोधडी पुरते. माल्ट घातल्यावर पाणी थोडं उतरणार, म्हणून सुरुवातीचं पाणी ७२ वर घेणार. ते पातेलं आईने पुरणासाठी दिलं होतं, तिला काल फोनवर सांगितलं. ती म्हणाली, आधी लिंबू लावून घास, हळदीचा वास असेल.

किटला ३७ गेले, त्याच दुकानातून धान्याचा दुसरा संच १३ ला, हायड्रोमीटर ६ ला, कॅम्पडनच्या गोळ्या २ ला. ५८ झाले. बाटल्या समोरच्या घरातले आजोबा देणार आहेत, त्यांच्या गॅरेजमध्ये दोन क्रेट आहेत, झाकण ठोकायचं यंत्रही त्यांचंच. दुसरा जार म्हणून त्यांचीच जुनी डेमिजॉन (अरुंद तोंडाची मोठी काचेची बाटली). या रविवारी पहिली खेप, पुढच्या रविवारी दुसरी. १८ बाटल्यांपैकी मोजण्यात एक गेली तरी माणशी दोन पुरतात.

मेलबर्नची_मावशी, ३० ऑक्टोबर
बरं. घेतलीस तर घेतलीस. दोन्ही खेपांच्या बाटल्या नोव्हेंबर संपायच्या आत भरून ठेव, गॅस धरायला किमान दोन आठवडे उबेत लागतात. साखर अर्ध्या लिटरच्या बाटलीला ३ ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून, चमच्याने नाही. आणि मधे झाकण उघडून बघायचं नाही.

जर्सीसिटीचा_जोशी, ३१ ऑक्टोबर
धान्यापासून करताय, छान. दुसऱ्या खेपेला कॅस्केड शेवटच्या पाच मिनिटांत दुप्पट घाला.

लेस्टरवाला, ३१ ऑक्टोबर
पहिला आकडा काय येतो ते रविवारी रात्री इथे टाका. आणि बाटल्या भरल्या की जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, कपाटात मोकळ्या नको.