पेंचचा उजवा कालवा: गाडीने कुठवर, पायी कुठून

एकाने विचारलंय की पेंच नदीवरच्या नवेगाव खैरी धरणापासून नागपूरजवळच्या महादुल्यापर्यंत कालव्याच्या पाळेवरून, म्हणजे काठच्या बांधावरून, कार सलग नेता येते का. माझा अनुभव सांगतो, नाही. पाळेवरचा रस्ता मुळात कालव्याच्या देखभालीसाठी आहे. मुरूम टाकलेला असला तरी मधेच साखळी किंवा खांब आडवे येतात. काळी माती ओली झाली की चाक रुततंच. आम्ही कार पुलांपाशी ठेवली आणि एका पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत चाललो. एक जण गाडी घेऊन पुढे थांबायचा.

पायी चाललं तरच कालवा कळतो. पाणी उताराने वाहतं ठेवायचं, म्हणून तो जमिनीचा चढउतार धरून वळत जातो. रस्त्याने दहा मिनिटांचं अंतर पाळेवरून तासाभराचं होतं! कुठे पाणी शेतांच्या खाली, खोल खणलेल्या चरातून जातं, तर कुठे भराव घालून धुऱ्यांच्या (शेतांच्या बांधांच्या) वर उचललेलं. ओढा आला की वाकून नक्की बघा: ओढ्याचं पाणी कालव्याखालून काढलेलं असतं.

नागपूरकरांनी हे एकदा तरी पाहावंच. कित्येक वर्षं आपलं पिण्याचं पाणी याच उघड्या कालव्यातून महादुल्याला यायचं, तिथून उपसून गोरेवाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्राला. वाटेत गळती आणि बाष्पीभवन व्हायचं, म्हणून पुढे थेट नवेगाव खैरीहून बंद जलवाहिनी टाकली.

पाणी सोडलेलं असताना कडेला उतरू नका. कालव्याच्या आतल्या अस्तरावर शेवाळ असतं, आणि धरायला काहीच नसतं.