दारूकडे आपोआप जाणारा हात जॉयस्टिकच्या सरावाने थांबतो का? मदत हवी आहे

नवाआयडी:
नमस्कार मंडळी. आयडी नवा का, हे पुढे कळेलच.

माझं पिणं आता 'कधीतरी'चं राहिलेलं नाही, रोजचं झालंय. समुपदेशकाकडे जायला लागलोय. दारू का सोडायची याची कारणं मला तोंडपाठ आहेत, त्यावर वादच नाही. अडचण वेगळी आहे. घरी आलो की बूट काढायच्या आधी हात कपाटाकडे गेलेला असतो. विचार मागाहून येतो, तोवर ग्लास भरलेला असतो.

पडद्यावर दारूची चित्रं येतात, ती जॉयस्टिकने दूर ढकलत राहायची आणि त्याने ही ओढ कमी होते, असं वाचनात आलं. मोबाइलवरही असे सराव आहेत म्हणे. यात खरंच काही तथ्य आहे का? आणि अजून पिणं चालू असताना घरच्या घरी करून उपयोग होईल का?

'इच्छाशक्ती वाढवा' हा सल्ला कृपया नको. तो घरी रोज फुकट मिळतो.

चौकस_वाचक:
तथ्य आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढं नाही.

यातली गंमत अशी की सूचनेत दारूचा उल्लेखच नसतो. 'आडवं चित्र आलं तर ढकला, उभं आलं तर ओढा', एवढंच सांगतात. तुमचं लक्ष चौकटीवर. पण दारूची चित्रं जवळजवळ नेहमी ढकलायच्या चौकटीत येतील आणि साध्या पेयांची ओढायच्या, अशी मांडणी केलेली असते. ओढलं की चित्र मोठं होत अंगावर येतं, ढकललं की लहान होत जातं. शेकडो वेळा हेच केल्यावर हाताला उलटी सवय लागावी, असा हेतू. विचाराच्या आधी हात हलतो म्हणता ना, नेमकं तेच लक्ष्य आहे.

अॅमस्टरडॅम विद्यापीठाचे वीर्स आणि सहकाऱ्यांचा 2011चा अभ्यास यात गाजला. जर्मनीतल्या व्यसनमुक्ती रुग्णालयातले 214 रुग्ण, जेमतेम पाऊण-एक तासाचा सराव चार बैठकांत विभागलेला. वर्षभराने सराव केलेल्यांपैकी 46 टक्के पुन्हा प्यायला लागले होते, इतरांपैकी 59 टक्के. पुढे हजाराहून जास्त रुग्णांवर झालेल्या अभ्यासात फरक आठ टक्क्यांच्या आसपास आला. 2021मध्ये मेलबर्नच्या चाचणीत दारू उतरवण्यासाठी दाखल झालेल्या 300 जणांना सलग चार दिवस सराव किंवा नकली सराव दिला. दोन आठवड्यांनी दारूपासून दूर राहिलेले सुमारे 54 विरुद्ध 43 टक्के.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ही सगळी मंडळी दाखल झालेली होती आणि बाकीचे उपचारही चालू होते. पिणं चालू असलेल्यांनी घरबसल्या केलेल्या चाचण्यांत बहुतेकदा खरा सराव करणारे आणि नकली सराव करणारे, दोघांचंही पिणं थोडं कमी झालं. म्हणजे सरावाचं वेगळं श्रेय उरलं नाही. माझं मत विचाराल तर समुपदेशनाच्या जोडीला करा, त्याच्याऐवजी नको. आणि बाटली त्या कपाटातून, शक्यतो घरातूनच हलवा. जॉयस्टिकपेक्षा ते लवकर होईल.

रात्रपाळी:
मी वॉर्डात काम करते, म्हणून एक विचारते. सकाळी हात थरथरतात का? घाम, मळमळ? पहिला पेग घेतला की बरं वाटतं?

नवाआयडी:
थरथरतात. सही करताना पेन धरवत नाही. झोप नीट होत नाही म्हणून असेल असं वाटत होतं. संध्याकाळी घेतली की थांबतं.

रात्रपाळी:
मग सराव, अॅप सगळं बाजूला ठेवा, आधी डॉक्टर. शरीराला दारूची सवय झाली असेल तर ती एकदम तोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रमही होऊ शकतो. यात माणूस दगावतोसुद्धा. देखरेखीखाली गोळ्या देऊन उतरवली की धोका बराच कमी होतो. सोबत बी-1 जीवनसत्त्व देतात, तेही टाळू नका.

ओढीवर औषधंही आहेत. नाल्ट्रेक्सोन पिणं चालू असतानाही सुरू करता येतं, पण अफूवर्गातली वेदनाशामकं घेत असाल तर आधी सांगा. डायसल्फिराम, म्हणजे दारू प्यायली की त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध, मात्र दारू पोटात असताना अजिबात नाही. कुणी 'गुपचूप जेवणात मिसळा' म्हणालं तर ऐकू नका, घरच्यांनाही सांगून ठेवा.

नवाआयडी:
धन्यवाद ताई. आज शनिवार आहे, समुपदेशक सोमवारी भेटतील. तोपर्यंत पूर्ण बंद ठेवू का?

रात्रपाळी:
नको! एकट्याने एकदम बंद करू नका. आजच जो डॉक्टर मिळेल त्याला फोन करा, रोज किती घेता आणि सकाळी हात थरथरतात हे दोन्ही सांगा. पूर्वी कधी फिट आली असेल तर तेही. भास झाले किंवा फिट आली तर फोनवर वेळ न घालवता सरळ रुग्णालयात. घरी कोण आहे सोबत?

नवाआयडी:
बायको आहे. तिला आत्ताच हा धागा वाचायला दिलाय, ती फोन लावतेय.