फ्लॉरेन्सला जाऊन आलेल्यांनो, अनुभव लिहा

रंकाळाकाठ: कपाट आवरताना आईच्या जुन्या पर्समध्ये डुओमोच्या (फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चच्या) घुमटाचं न वापरलेलं तिकीट सापडलं. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. "तू जा गं, मी बसते." वास्तुकार ब्रुनेलेस्कीने घुमटाची दोन कवचं बांधलीत, त्यांच्यामधल्या बोळातून भिंतीला खांदे घासत चढायचं. खाली आले तर आई दगडी बाकावर एका इटालियन आजींना खोबऱ्याची वडी देत होती. भाची जूनमध्ये जातेय. घुमटाची वेळ आधी बुक कर, एवढं मी सांगितलंय. बाकीचं तुम्ही सांगा.

सायली_ठाणे: सोमवार टाळा!! उफिझी चित्रसंग्रहालय बंद, मायकेलअँजेलोच्या डेव्हिड पुतळ्याचं म्युझियमही बंद. आमच्याकडे तेवढाच दिवस होता. चौकातली प्रतिकृती बघून परतलो, अजून हळहळ वाटते.

मुसाफिर७२: गाडी भाड्याने घेत असाल तर जुन्या गावात घालूच नका. बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग, झेडटीएल म्हणतात, कॅमेरे नंबर टिपतात. आम्हाला दंडाचं पत्र पुण्यात आलं, सात महिन्यांनी. स्टेशनवरून सगळं चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

अनघा_क: शाकाहारींनी रिबोलिता मागा. पांढरा घेवडा, काळा कोबी, शिळा पाव, सगळं एकत्र रटरटलेलं. तिथल्या पावात मीठच नसतं. कॉफी उभ्याने प्या, बसलं की दर वाढतो.

सायली_ठाणे: अगं म्हणजे आपला भाकरीचा कालाच की! आजी आमटीत कुस्करायची. काळ्या कोबीऐवजी काय घालू?

अनघा_क: केल चालेल. नाहीतर पालक, पण शेवटी घाल.

करवीरकर: रंकाळाकाठ, आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री पाहिलीत का? कास्चिने बागेच्या पार पश्चिम टोकाला, मुन्योने नदी जिथे आर्नो नदीला मिळते तिथे. इंग्लंडहून परतताना १८७० च्या नोव्हेंबरात महाराज फ्लॉरेन्सला वारले, वय अवघं २०. दहन त्याच संगमावर झालं. शेजारच्या पुलाला तिथले लोक आजही 'इंडियनाचा पूल' म्हणतात. बाग लांबच लांब आहे, पाणी घेऊन जा. मी रंकाळ्यावरची चिमूटभर माती नेली होती.

मुसाफिर७२: वाचून अंगावर काटा आला.

गौरी_नाशिक: आईंचे गुडघे कसे आहेत आता? आमच्या सासूबाईंचं ऑपरेशन ठरलंय.

रंकाळाकाठ: गौरी, दोन्ही झाले, आता देवळात जाऊन येते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते तुला. करवीरकर, छत्री राहिली हो. आत्ताच आईला वाचून दाखवलं, ती म्हणतेय भाचीबरोबर फुलं पाठवू.