शब्दचर्चा : ‘मृत्युदर’ म्हणजे नेमका कुणाचा?

खडीसाखर
मंडळी, एका आरोग्यविषयक पुस्तिकेचं मराठी करून देते आहे. वाचणार आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीतली माणसं. त्यात आकडेवारीवर एक छोटं प्रकरण आहे आणि तिथेच घोडं पेंड खातंय. मूळ मजकुरात तीन वेगवेगळी मापं आहेत : वर्षभरात एकूण लोकसंख्येतले किती दगावले, निदान झालेल्या रुग्णांतले किती दगावले, आणि लागण झालेल्या सगळ्यांतले (निदान झालं असो वा नसो) किती दगावले. मी अनुक्रमे ‘मृत्युदर’, ‘रुग्ण-मृत्युदर’ आणि ‘लागण-मृत्युदर’ असं लिहिलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी शेवटचे दोन्ही खोडून शेरा मारला, “हे दर नव्हेत, प्रमाणं आहेत.” मी म्हटलं, कोविडच्या काळात रोज संध्याकाळी ‘राज्याचा मृत्युदर अमुक टक्के’ असंच तर ऐकत होतो. त्यावर उत्तर, तेही चूकच होतं! शब्द सुचवा. पुस्तिका लवकरच छापायला जायची आहे.

काळी_दोन
सीएफआर (केस फॅटॅलिटी रेट) लिहा आणि मोकळ्या व्हा. आशाताईंना एएनसी, ओआरएस, एचबीएनसी सगळं तोंडपाठ असतं. ‘रुग्ण-मृत्युदर’ वाचून त्या अडखळतील, सीएफआर वाचून नाही.

मास्तर_निवृत्त
मोकळं होण्यासाठी कुणी भाषांतर करत नाही. लघुरूप पाठ असणं वेगळं आणि कळणं वेगळं. ओआरएस कळतं कारण पुडी हातात असते. सीएफआरची पुडी कुठून आणणार?

खडीसाखरताई, तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. शाळेत सरळव्याजाची गणितं केली असतील तर ‘द.सा.द.शे.’ आठवत असेल. दर साल दर शेकडा. त्या चार अक्षरांत काळही आहे आणि छेदही. नुसतं ‘शेकडा’ म्हटलं की प्रमाण, ‘दर साल’ जोडलं की दर. शंभर रुग्णांतले तीन गेले, यात साल कुठे आलं? म्हणून तो दर नव्हे.

काळी_दोन
मग कांद्याचा दर सालाला किती असतो, मास्तर?

मास्तर_निवृत्त
क्विंटलला असतो. छेद आहे.

काळी_दोन
म्हणजे काळ लागतोच असं नाही. धन्यवाद.

पीएसएम_वाली
आमच्या विषयाचा धागा! (पीएसएम म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, एमबीबीएसच्या पोरांचा हक्काचा झोपायचा तास. मी तोच शिकवते.)

दर की प्रमाण हे भांडण आमच्या क्रमिक पुस्तकांतही आहे आणि इंग्रजीवालेही सर्रास ‘केस फॅटॅलिटी रेट’ म्हणतात, तेव्हा मराठीनेच एवढं सोवळं पाळायचं कारण नाही. खरी मेख छेदात आहे. रेबीज घ्या. कुत्रं चावलं, लस घेतली नाही आणि एकदा का लक्षणं दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणजे खडीसाखर यांचं दुसरं माप १०० टक्क्यांना टेकलेलं. पण लाखभर लोकवस्तीत वर्षाला रेबीजने जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नसतात. रोग तोच, मेलेली माणसं तीच, म्हणजे अंश तोच. छेद बदलला आणि आकडा कुठल्या कुठे गेला. दोन्हीला ‘मृत्युदर’ म्हणालात तर ग्रामसभेत एक जण म्हणणार रेबीज भयंकर, दुसरा म्हणणार क्षुल्लक, आणि दोघंही पुस्तिकेचाच हवाला देणार.

वर्तमानपत्रांचा आणखी एक लाडका शब्द म्हणजे ‘मातामृत्यू दर’. महाराष्ट्राचा २०१८–२० चा आकडा ३३ होता. ३३ कशामागे? लाख गरोदर बायकांमागे नव्हे, लाख जिवंत जन्मांमागे. जुळं झालं तर छेदात दोन. मूल पोटातच गेलं तर छेदात काहीच नाही, पण आई दगावली असेल तर ती अंशात आहे. ज्यांचा मृत्यू मोजतोय त्या छेदात नाहीतच! असं का, तर जन्मांची नोंद मिळते, गरोदरपणांची धड मिळत नाही.

हातमाग
डॉक्टरीणबाई, तुम्ही ‘जन्मांमागे’ लिहिलंत आणि माझी ट्यूब पेटली. आपल्याकडे यासाठी नाम शोधायची गरजच नाही, दोन शब्दयोगी अव्ययं आहेत : ‘पैकी’ आणि ‘मागे’. शंभर रुग्णांपैकी तीन दगावले, म्हणजे ते तीन त्या शंभरातलेच. लाख जन्मांमागे ३३ माता, इथे माता त्या लाखातल्या नाहीत. ‘पैकी’ लावून बघा, वाक्य लगेच वेडंवाकडं होतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. ‘हजार पुरुषांपैकी ९२९ स्त्रिया’ असं चौथीतलं पोरही म्हणणार नाही.

याच्यावरून पटकीचा माग काढणारा लंडनचा डॉक्टर जॉन स्नो आठवला. त्याचा लंडनच्या सोहो भागातला तो पाण्याचा पंप आणि पटकी थांबवायला १८५४ च्या सप्टेंबरात काढून घेतलेला दांडा सगळ्यांना माहीत असतो. पण त्याचं भारी काम वेगळंच आहे. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीत, शेजारशेजारच्या घरांत गेलेले होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपला उपसा थेम्सच्या वरच्या अंगाला, शहराच्या घाणीच्या पलीकडे नेला होता. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल मात्र शहरातलंच पाणी उपसत होती. गरीब-श्रीमंत, हवा, वस्ती सगळं सारखं, फरक फक्त पाण्याचा. स्नो दारोदार फिरला, कुणाकडे कुठला नळ ते विचारत. साउथवर्कच्या ४०,०४६ घरांत पटकीने १,२६३ मृत्यू, लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. म्हणजे दहा हजार घरांमागे एकीकडे ३१५, दुसरीकडे ३७. छेदात माणसं नाहीत, घरं आहेत! कारण कंपनीकडे घरांचा हिशेब होता, माणसांचा नव्हता. हे मराठीत सांगताना ‘दर’ हा शब्द लागलाच नाही. ‘मागे’ने सगळं काम केलं.

वऱ्हाडी_ठेचा
वा! पण बाप्पा, मंडईत चला. “शेकड्यामागे पाच संत्री सडकी निघतात.” ही पाच त्या शेकड्यातलीच हायेत ना? मग ‘पैकी’ काहून नाही म्हटलं?

हातमाग
मान्य. ‘मागे’ दोन्हीकडे चालतं, ‘पैकी’ एकीकडेच. तरी जिथे ‘पैकी’ बसत नाही तिथे सावध व्हा, एवढी खूण पुरे.

पीएसएम_वाली
खूण छानच आहे, उद्या तासाला वापरणार. पण अर्भक मृत्युदर या खुणेलाही चकवतो. २०२० मध्ये महाराष्ट्रात तो १६ होता, म्हणजे त्या वर्षीच्या हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आतली १६ बाळं. कुणीही हे बिनधास्त ‘हजार बाळांपैकी १६’ असंच वाचतो. पण जानेवारीत गेलेलं सात महिन्यांचं बाळ आदल्या वर्षी जन्मलेलं असतं. अंशात ते या वर्षीचं, छेदात मात्र नाही.

मास्तर_निवृत्त
म्हणूनच म्हणतो, संज्ञा हवी. गावातली बाई अव्ययांवर विसंबून कसा हिशेब ठेवणार? ‘रुग्णमृत्यू प्रमाण’ आणि ‘बाधितमृत्यू प्रमाण’ लिहा. दोन्ही शब्द साधे, दोन्हीत छेद नावातच आला.

लोकलपकड
‘बाधित’ नको, मास्तर! २०२० साली बातम्यांत ‘बाधित’ म्हणजे ज्याचा अहवाल पॉझिटिव्ह तो. म्हणजे रुग्ण आणि बाधित एकच झाले होते. खडीसाखर यांना तर बरोबर यातलाच फरक दाखवायचाय.

आणि तो फरक केवढा होता ते मुंबईने पाहिलंय. जुलै २०२० मध्ये पालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांनी दहिसर, चेंबूर आणि माटुंगा अशा तीन वॉर्डांत ६,९३६ जणांच्या रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण) तपासली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत ती सापडली, इमारतींत १६ टक्के लोकांत. म्हणजे लागण झालेले लोक नोंदीतल्या रुग्णांच्या कितीतरी पट. शहरातल्या नोंदलेल्या रुग्णांत मृत्यू तेव्हा पाच टक्क्यांच्या वर होते. सगळ्या लागण झालेल्यांचा छेद धरल्यावर त्याच सर्वेक्षणाचा अंदाज ०.०५ ते ०.१० टक्के. दोन्ही आकडे त्याच दिवसांतले, त्याच शहराचे, आणि बातम्यांत दोघांचं नाव ‘मृत्युदर’. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन काका यावरून महिनाभर बोलत नव्हते.

बाय द वे, आमच्या माटुंग्याच्या इमारतीतही रक्त घ्यायला आले होते. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी दारच उघडलं नाही, साखळी लावून आतूनच “आम्हाला काही नाहीये” म्हणाले. काही नाही म्हणणारेच वगळले गेले तर त्या १६ टक्क्यांचं काय करायचं, हे टीम गेल्यावर सोसायटीच्या बाकड्यावर बराच वेळ चाललं होतं.

काळी_दोन
बघा, ‘बाधित’चा सरकारी अर्थ लोकांनी घेतला ना? तसाच ‘मृत्युदर’चाही घेतलाय. भाषा वापराने ठरते. आता लोकांना शिकवत बसणार का, की तुम्ही तीन वर्षं चूक बोलत होतात?

पीएसएम_वाली
बोलताना काहीही चालेल. पुस्तिका बोलण्यासाठी नाही, मोजण्यासाठी आहे. गावात ४० जणांना काविळीची लागण झाली आणि दोघं गेले, एवढं लिहिताना आशाताईने छेदात गावाचे १,८०० धरायचे, ते ४० धरायचे की दवाखान्यात आलेले १२? तिन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगवेगळे आहेत.

रेघोट्या
मुळात त्या प्रकरणाचं नाव काय ठेवलंय? ‘साथरोगशास्त्र’ (एपिडेमिऑलॉजी) असेल तर ते आधी काढा. सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो हेही याच शास्त्राने दाखवलं. कर्करोगाची कधी साथ येते का?

मास्तर_निवृत्त
‘रोगपरिस्थितिविज्ञान’ असा जुना शब्द आहे.

काळी_दोन
आशाताई निम्म्यात पोचेपर्यंत साथ ओसरेल.

हातमाग
हिंदीत ‘जानपदिक रोगविज्ञान’ चालतं. चरकसंहितेच्या ‘विमानस्थान’ या भागात तिसरा अध्याय ‘जनपदोद्ध्वंसनीय’, म्हणजे प्रदेशच्या प्रदेश ओस पाडणाऱ्या रोगांचा, आहे. वेगवेगळ्या प्रकृतीची, आहाराची, वयाची माणसं एकदमच कशी मरतात, असा शिष्य अग्निवेशाचा प्रश्न. गुरू आत्रेयाचं उत्तर, जे सगळ्यांना समान आहे ते बिघडतं : वायू, उदक, देश, काळ. समान काय ते शोधा, ही तर स्नोचीच रीत!

पीएसएम_वाली
स्नोने मोजलं, हातमाग. तिथे मोजणी नाही. एवढा एक फरक सोडला तर सगळं सारखं!

वऱ्हाडी_ठेचा
‘साथ’ले नावं ठेवू नका पण. ती ‘सार्थ’वरून आली. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. तांड्याबरोबर रोग गावात येई म्हणून साथ.

मास्तर_निवृत्त
साथ म्हणजे सोबत, ही सार्थवरून आली इथवर ठीक. तांडा रोग घेऊन येई हे पदरचं. एकाबरोबर दुसरा पडतो, एवढी ‘सोबत’ पुरेशी आहे.

वऱ्हाडी_ठेचा
माह्याजवळ निदान तांडा तरी आहे. तुमच्याजवळ काय आहे?

खडीसाखर
अहो, माझे दोन शब्द? सध्या मास्तरांचं ‘रुग्णमृत्यू प्रमाण’ घेतलंय आणि खाली हातमाग यांच्या पद्धतीने ‘निदान झालेल्या शंभर रुग्णांपैकी’ असं वाक्य घातलंय. तिसऱ्यासाठी ‘बाधित’ नको म्हणता, मग ‘लागण झालेले’ याचं समासात काय करू? ‘लागितमृत्यू’ तर वाचवत नाही.

रानजाई
खडीसाखर, समास करूच नका, पूर्ण वाक्य लिहा. आणि तुमच्या पुस्तिकेत सर्वेक्षणाचे प्रश्न असतील तर तिकडे शंभर पट जास्त लक्ष द्या. छेद-अंश नंतरची गोष्ट, आधी अंशात माणूस यायला तर हवा.

कॉलेजात असताना आम्ही घरोघरी फिरून विचारायचो, “गेल्या दोन आठवड्यांत बाळाला जुलाब झाले का?” एका घरी आजीने ठामपणे नाही सांगितलं. मी ‘नाही’वर खूण करून उठले, तर अंगणात दोरीवर सात-आठ लंगोट वाळत आणि सूनबाई कोपऱ्यात आणखी धूत बसलेली. विचारलं, एवढे? आजी म्हणाली, “दात येतायत, पातळ होतंय चार दिस. जुलाब कशाला देऊ तान्ह्या पोराला?” तिच्या लेखी जुलाब म्हणजे पोट साफ करायला घ्यायचं औषध! तिथून पुढे आम्ही “दिवसातून तीनदा किंवा जास्त, पाण्यासारखी पातळ शी झाली का?” असं विचारायला लागलो. गावातला अतिसार एकदम ‘वाढला’. सरांना वाटलं विहिरीत काही झालंय.

हातमाग
आजी शब्दाच्या मुळाशी होती! जुलाब आला फारसी ‘गुलाब’वरून : गुल अधिक आब, गुलाबपाणी. त्याचं अरबीत जुलाब झालं, तेच पुढे इंग्रजीत ज्यूलेप होऊन दारूच्या पेल्यात पडलं. आपल्याकडे गोड औषधी पाक म्हणून आलं, मग रेचक झालं, मग रेचकाचा परिणाम.

रेघोट्या
कोकणात आमच्याकडे ‘ढाळ’. जुलाब हे शहरी.

वऱ्हाडी_ठेचा
‘हगवण’ म्हणा ना सरळ. पुस्तिकेत लाज कशाची?

पीएसएम_वाली
लाजेचा प्रश्न नाही, काही भागात हगवण म्हटलं की लोक आव धरतात, म्हणजे शेम-रक्त पडणारी. दोन्हींचे उपचार वेगळे. रानजाईंचा ‘तीनदा पातळ’ हाच प्रश्न योग्य, त्यात रोगाचं नावच नाही.

काळी_दोन
‘आव आणणे’ मधला आव हाच का?

मास्तर_निवृत्त
पोटातला आव ‘आम’वरून आला. दुसऱ्याचं इथे नको, वेगळा धागा काढा.

काळी_दोन
काढला.