फोनची १२८ जीबी भरली. ओटीजीने बाहेरचा ड्राइव्ह लावून जागा वाढते का?

घणसोली_लोकल

मंडळी, फोन १२८ जीबीचा आहे, अँड्रॉइड १४, टाइप-सी पोर्ट. मेमरी कार्डाची सोय नाही. सेटिंगमध्ये १२१ जीबी भरलेली दिसते: फोटो-व्हिडिओ ५८, व्हॉट्सअ‍ॅप २६, बाकीची अ‍ॅप १७ आणि सिस्टिम २०.

घरात अडीच इंची १ टीबीची जुनी हार्ड डिस्क पडून आहे. टाइप-सीवरून साध्या यूएसबीवर जाणारा ओटीजी अडॅप्टर घेऊन ती लावली. दिवा लागतो, आतून टक-टक आवाज येतो, दिवा विझतो, पुन्हा लागतो. फोनवर काहीच येत नाही. त्याच अडॅप्टरवर ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह व्यवस्थित दिसतो, पण गणपती विसर्जनाचा ६ जीबीचा एक सलग व्हिडिओ त्यावर जात नाही. साधारण ४ जीबीला कॉपी थांबते, ड्राइव्हवर २५ जीबी रिकामी असताना.

हार्ड डिस्क चालेल का? नाही तर पेन ड्राइव्ह घ्यावा की एसएसडी (तबकडीऐवजी चिप असलेली डिस्क)? आणि व्हॉट्सअ‍ॅप, अ‍ॅप वगैरे सरळ त्या ड्राइव्हवर हलवता येतात का?

बाळकुम_नाका

आधी ती हार्ड डिस्क काढा आणि पुन:पुन्हा लावून बघू नका. तो टक-टक आवाज म्हणजे तबकडी फिरायला लागते, वीज अपुरी पडते, हेड मागे जाऊन बसतं आणि पुन्हा तेच चक्र. पुन:पुन्हा असं झालं की चांगली डिस्कही खराब होऊ शकते.

कारण साधं आहे. यूएसबी २.० च्या हिशेबाने पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतं, म्हणजे २.५ वॅट. यूएसबी ३ मध्ये ९०० मिलिअँपिअर, म्हणजे ४.५ वॅट. अडीच इंची डिस्क एकदा फिरायला लागली की कमी विजेवर चालते, पण सुरुवातीच्या झटक्याला तिला १ अँपिअरच्या आसपास लागतो. फोन तेवढं देत नाही. पेन ड्राइव्हला याच्या अगदी थोड्या भागात काम भागतं, म्हणून तो लगेच दिसतो. तुमचा अडॅप्टर ठीक आहे, बदलू नका.

डिस्क वापरायचीच असेल तर मध्ये स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लागेल, ५ व्होल्ट २ अँपिअरचा. साडेतीन इंची डिस्क असती तर तिला १२ व्होल्टही लागतात, ती तिच्याच अडॅप्टरवर चालते. पण वीज मिळाली तरी पुढे अडचण येऊ शकते. जुनी डिस्क विंडोजवर वापरलेली असेल तर ती बहुधा एनटीएफएस (विंडोजची फाइल मांडायची पद्धत) असणार. काही फोन एनटीएफएस वाचतात, काही वाचतात पण लिहीत नाहीत, काही सरळ ‘फॉरमॅट करा’ म्हणतात. तिथे घाईने ‘हो’ दाबलं की आतलं सगळं गेलं. आत काही हवं असेल तर आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

कोपरी_पूर्व

४ जीबीचं उत्तर: तो पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यात एक फाइल ४ जीबीच्या आत बसावीच लागते (नेमकं सांगायचं तर ४ जीबीला एक बाइट कमी). ड्राइव्हवर कितीही जागा असो. पेन ड्राइव्ह रिकामा करून विंडोजमध्ये त्यावर राइट क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टिम ‘एक्सफॅट’ (त्यात ही ४ जीबीची अट नाही), बाकी काही न बदलता स्टार्ट. फोनवरूनही फॉरमॅट होतं, पण बहुतेक फोन कोणता प्रकार हवा ते विचारतच नाहीत, म्हणून कॉम्प्युटरवर केलेलं बरं.

एक्सफॅटच्या दोन खोडी माहीत असू द्या.

पहिली, त्याला जर्नल नसतं. लिहिणं चालू असताना ड्राइव्ह उपटला तर कुठवर लिहून झालं होतं याची नोंद कुठेच राहत नाही आणि फोल्डरच्या फोल्डर बिघडू शकतो. कॉपीची पट्टी १०० टक्के झाली तरी शेवटचा भाग फोनच्या मेमरीत थांबलेला असू शकतो. म्हणून नोटिफिकेशनमधलं ‘इजेक्ट’ दाबूनच ड्राइव्ह काढायचा. बिघडलाच तर विंडोजच्या चेकडिस्कने बहुतेकदा सावरतो.

दुसरी खोड फारसं कोणी सांगत नाही. ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हवर विंडोज एक्सफॅटचा कप्पा १२८ केबीचा ठेवतं. फाइल ३० केबीची असली तरी अडवणार १२८ केबीच. व्हॉट्सअ‍ॅपची १० हजार स्टिकर ३० केबीच्या हिशेबाने ३०० एमबी होतात, ड्राइव्हवर तीच सव्वा जीबी खातात. शिवाय हजारो बारक्या फाइल एकेक करून लिहायला वेळ फार जातो. असं बारीकसारीक सामान आधी एका झिपमध्ये बांधा, मग ती एकच फाइल हलवा. झिप बनवायला मात्र फोनमध्ये तेवढी जागा हवी. तुमच्याकडे ७ जीबी उरलीय, त्यामुळे मोठे व्हिडिओ आधी बाहेर काढा, झिपचं नंतर.

फोटो हलवताना ‘मूव्ह’ वापरू नका, ‘कॉपी’ वापरा. कॉपी झाली की दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा. मग इजेक्ट करा, ड्राइव्ह पुन्हा लावा आणि चार-पाच व्हिडिओ मधूनच चालवून बघा. पुन्हा लावायचा तो यासाठी, की नुकतीच लिहिलेली फाइल फोन स्वतःच्या मेमरीतूनच दाखवू शकतो आणि ड्राइव्हवर नीट उतरली की नाही ते कळतच नाही. हे झाल्यावरच फोनमधून डिलीट करा.

डिलीट करतानाही एक मेख आहे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू असेल आणि तिथे साधं डिलीट दाबलं तर क्लाउडवरची प्रतही जाते. तिथे ‘डिलीट फ्रॉम डिव्हाइस’ किंवा ‘फ्री अप स्पेस’ हवं. आणि डिलीट करूनही जागा वाढली नाही तर ट्रॅश बघा. बॅकअप न झालेले फोटो तिथे ३० दिवस पडून राहतात, बॅकअप झालेले ६० दिवस.

वाशी_खाडीपूल

अ‍ॅप हलवता येतात का, याचं उत्तर ‘नाही’ असंच समजा. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, बाहेरची मेमरी फोनची स्वतःची असल्यासारखी सामावून घ्यायची सोय सिस्टिममध्ये आहे. पण ती कायम आत राहणाऱ्या कार्डासाठी आहे. त्यात ड्राइव्ह एनक्रिप्ट होतो, किल्ली त्या एकाच फोनमध्ये राहते, दुसरीकडे तो वाचता येत नाही. काढला की त्यावरची अ‍ॅप बंद. कित्येक कंपन्यांनी ही सोय काढून टाकलीय आणि लोंबकळणाऱ्या यूएसबी ड्राइव्हसाठी ती चालू करून देणारा फोन शोधूनच काढावा लागेल. तेव्हा सिडकोच्या घरात माळा काढतात तसा फोनला माळा निघत नाही. बाहेर गोदाम घेता येतं, एवढंच.

व्हॉट्सअ‍ॅपचंही तसंच. गप्पांचा डेटाबेस हलत नाही, फोटो-व्हिडिओ हलतात. फाइल मॅनेजरमध्ये अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाचा फोल्डर, त्यात व्हॉट्सअ‍ॅप आणि आत पुन्हा मीडिया. अँड्रॉइड ११ नंतर वाट ही अशी वळणावळणाची झालीय. यातला व्हिडिओचा फोल्डर सगळ्यात जड निघेल. फाइल काढली की चॅटमध्ये अंधूक चौकोन उरतो. तीच फाइल त्याच नावाने त्याच जागी परत ठेवली तर पुन्हा उघडते, म्हणून नावं बदलू नका. दुसरं कारण म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोत कॅमेऱ्याची माहिती उरलेली नसते, तारीख असते ती फक्त फाइलच्या नावात.

शेजारीच डेटाबेसेस नावाचा फोल्डर आहे. त्यात रोज रात्रीचे बॅकअप सात दिवसांपर्यंत साठतात. नावात तारीख असलेल्या जुन्या फाइल उडवल्या तर चालतं, तारीख नसलेली राहू द्या. आणि २६ जीबी गोदामात नेण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. ‘अनेकदा फॉरवर्ड झालेले’ आणि ‘५ एमबीपेक्षा मोठे’ असे दोन ढीग वेगळे दिसतील. सुप्रभातचे व्हिडिओ जपून ठेवायला एसएसडी कशाला?

खरेदीचं. आधी फोनच्या माहितीत पोर्ट यूएसबी २.० आहे की ३ ते बघा, कारण आकार दोन्हींचा टाइप-सीच असतो. २.० असेल तर कागदावर ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० एमबी. अशा फोनला सेकंदाला १,०५० एमबी वेगाचा एसएसडी लावला काय आणि बरा पेन ड्राइव्ह लावला काय, वेग तोच. ५८ जीबीला ३५ एमबीच्या हिशेबाने किमान २८ मिनिटं, बारक्या फाइलींमुळे तासभर धरा.

पेन ड्राइव्ह घेतलात तर एका टोकाला टाइप-सी, दुसऱ्याला साधं यूएसबी असा दुतोंडी घ्या, अडॅप्टरची कटकट जाते. पाकिटावरचा वेग वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे. स्वस्त ड्राइव्ह पहिले काही जीबी भरभर घेतात, मग १०-१५ एमबीवर येतात. त्यामुळे सतत मोठे व्हिडिओ हलवणार असाल, तोच ड्राइव्ह लॅपटॉपलाही लावणार असाल, तर एसएसडी. वर्षातून दोनदा फोन रिकामा करायचा तर १२८ किंवा २५६ जीबीचा दुतोंडी पेन ड्राइव्ह पुरतो.

गोखले रोडवरून घ्या, वाशीला रघुलीलातून घ्या नाहीतर लॅमिंग्टन रोडला जा, पक्कं बिल घ्या. पाचशे रुपयांत ‘२ टीबी’ दिसला तर हातही लावू नका. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि कंट्रोलर फोनला खोटा आकडा सांगतो. खरी जागा संपल्यावरही फाइलींची नावं दिसत राहतात, आत काही नसतं. नवा ड्राइव्ह विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्स-मॅकवर एफ३ या फुकट प्रोग्रॅमने पूर्ण भरून, परत वाचून तपासा. १२८ जीबी २० एमबीच्या वेगाने लिहायलाच पावणेदोन तास जातात, पण त्याला इलाज नाही.

घणसोली_लोकल

आभार. पोर्ट २.० निघालं, म्हणून २५६ जीबीचा दुतोंडी घेतला. तपासणीत पास झाला, एक्सफॅट केला, ६ जीबीचा व्हिडिओ गेला. आता दोन गोष्टी. थोडा वेळ फोन तसाच ठेवला की ड्राइव्ह आपोआप गायब होतो. आणि बॅटरी उतरते म्हणून चार्जिंगची सोय असलेल्या टाइप-सी हबला ड्राइव्ह लावला, तर चार्जरची पिन घालताक्षणी कॉपी तुटते.

बाळकुम_नाका

पहिलं: काही कंपन्यांच्या फोनमध्ये सेटिंगमध्ये ‘ओटीजी कनेक्शन’ असं बटण असतं आणि १० मिनिटं वापर झाला नाही की ते स्वतःहून बंद होतं. पुन्हा चालू करा. कॉपी चालू असताना बंद होत असेल तर फाइल मॅनेजरला बॅटरी सेव्हरमधून सूट द्या आणि स्क्रीन चालू ठेवा.

दुसरं: ड्राइव्ह लावल्यावर फोन वीज देणारा असतो. हबला चार्जर लागला की तो वीज घेणारा होतो. ही अदलाबदल होताना क्षणभर जोडणी तुटते आणि ड्राइव्ह उपटल्यासारखाच परिणाम होतो. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी चार्जर हबला, मग हब फोनला, शेवटी ड्राइव्ह. कॉपी संपून इजेक्ट होईपर्यंत चार्जर हलवायचा नाही. आणि ती तुटलेली फाइल ड्राइव्हवरून उडवून नव्याने कॉपी करा. नाव आणि आकार बरोबर दिसला तरी भरवसा ठेवू नका.

कोपरी_पूर्व

बाळकुमकरांच्या ‘हब घ्या’ला थोडा विरोध. पेन ड्राइव्हला हब लागतच नाही. फोन ८० टक्के चार्ज करा आणि तासाभराचं काम तसंच उरका. स्वस्त हबमध्ये बिघडण्यासारख्या जागा जास्त.

पावसाळ्यात पोर्टमध्ये ओल असेल तर काही फोन ओलाव्याचा इशारा देऊन पोर्टच बंद करतात. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ अजून आत जाते. फोन उभा, पोर्ट खाली करून पंख्याखाली ठेवा. ड्राइव्ह हलवला की तुटतो अशी तक्रार असेल तर फोन बंद करून लाकडी टूथपिकने खिशातला कापूस अलगद काढा, तो पोर्टाच्या तळाशी घट्ट बसलेला असतो.

ऐरोली_सेक्टर८

आयफोनवाल्यांसाठी दोन ओळी: टाइप-सी आयफोन १५ पासून, म्हणजे २०२३ पासून. साधा १५ आणि प्लस यूएसबी २.० वेगाचे, प्रो मॉडेल १० गिगाबिटपर्यंत, पण प्रोसोबत बॉक्समध्ये येणारी केबल २.० चीच आहे. वेग हवा तर केबल वेगळी घ्या. ड्राइव्ह एक्सफॅट, त्यावर एकच पार्टिशन, आणि उघडायचा ‘फाइल्स’ अ‍ॅपमधून.

पेन ड्राइव्ह लोकलमध्ये खिशातून पडतो तेव्हा कोणाच्याही हाती पडतो. आधार, पॅन, पासबुकाचे फोटो त्यावर असतील तर ते ७-झेडच्या पासवर्डवाल्या फाइलमध्ये बांधा, अँड्रॉइड फोनवर झेडअर्काइव्हर अ‍ॅपने उघडतं. विंडोजचं बिटलॉकर (ड्राइव्हला लावायचं कुलूप) लावू नका, फोनला ते वाचता येत नाही.

घणसोली_लोकल

क्रम बदलल्यावर तुटत नाही. ५८ जीबी ५२ मिनिटांत गेली, संख्या जुळली, ट्रॅशही रिकामा केला. फोनमधले फोटो उडवल्यावर एकच प्रत राहिलीय ती या ड्राइव्हवर. ती कपाटात ठेवली तर किती टिकेल?

वाशी_खाडीपूल

एकच प्रत असेल तर ‘किती टिकेल’ला अर्थ नाही, आज हरवली तर आजच संपली. ती जुनी १ टीबी डिस्क कॉम्प्युटरला लावा. ती धड चालतेय आणि आतलं हवं ते निघालंय असं दिसलं तर दुसरी प्रत तिच्यावर. नाहीतर दुसरा ड्राइव्ह. विजेशिवाय पडून राहिलेल्या फ्लॅश चिपमधला चार्ज हळूहळू गळतो आणि उष्णतेत जास्त गळतो. साध्या एसएसडीचा मानक हिशेब असा, की पूर्ण झिजलेल्या अवस्थेत ३० अंशांत एक वर्ष. नवा ड्राइव्ह त्याहून पुष्कळ जास्त टिकतो, पण पेन ड्राइव्हमधली चिप कोणत्या दर्जाची आहे ते पाकिटावर लिहिलेलं नसतं आणि एप्रिल-मेमध्ये घणसोलीत कपाटही ३० अंशांवर थांबत नाही. सहा महिन्यांनी एकदा लावा, काही व्हिडिओ पूर्ण चालवा, इजेक्ट करा. ठेवताना सिलिका जेलच्या पुडीसकट झाकणाच्या डबीत, खिडकीपासून लांब.