इटलीच्या राज्यघटनेत बंदी असूनही 'ऑर्दिने नुओव्हो' १९७३ पर्यंत कशी टिकली?

वाटसरू:
युद्धोत्तर इटलीविषयी वाचताना एका गोष्टीचा उलगडा होत नाही. तिथल्या राज्यघटनेच्या संक्रमणकालीन तरतुदींपैकी बारावी तरतूद विसर्जित फॅसिस्ट पक्षाची कोणत्याही स्वरूपात पुनर्रचना करण्यास मनाई करते. तरीही मुसोलिनीच्या अनुयायांनी डिसेंबर १९४६ मध्ये स्थापन केलेला एमएसआय (इटालियन सामाजिक चळवळ) हा पक्ष कित्येक दशके संसदेत बसला, आणि त्यातून फुटलेल्या 'ऑर्दिने नुओव्हो' या अतिउजव्या संघटनेवर बंदी यायला नोव्हेंबर १९७३ उजाडावे लागले. कायदा झोपला होता, की त्याला झोपवले होते?

जुनी पाने:
दोन्ही थोडे थोडे खरे आहे. तरतुदीची अंमलबजावणी करणारा कायदा १९५२ मध्ये आला. गृहमंत्री मारिओ शेल्बा यांच्या नावाने तो ओळखला जातो. मात्र त्याखाली शिक्षा व्हायची, तर जुन्या पक्षाचीच पुनर्रचना होत आहे हे न्यायालयात सिद्ध करावे लागे. एमएसआय निवडणुका लढवत होता आणि भूतकाळ नाकारायचा नाही, पण तो परत आणायचाही नाही, अशी सोयीची भाषा बोलत होता. शिवाय शीतयुद्धाच्या काळात कम्युनिस्टांना रोखण्यासाठी सत्ताधारी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाला उजवीकडची मते अधूनमधून हवीच असत. १९६० मध्ये ताम्ब्रोनी यांचे सरकार एमएसआयच्या पाठिंब्यावर उभे राहिले. त्या पक्षाने आपले अधिवेशन जेनोव्हा या फॅसिझमविरोधी प्रतिकार चळवळीच्या शहरात घ्यायचे ठरवले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, अधिवेशन रद्द झाले आणि जुलैत सरकारही गेले.

एमएसआयमधल्याच पिनो राऊती यांना ही संसदीय तडजोडच मान्य नव्हती. १९५६ मध्ये त्यांनी 'ऑर्दिने नुओव्हो'ची वेगळी चूल मांडली, तीही 'अभ्यास केंद्र' म्हणून, आणि अभ्यास केंद्रावर बंदी घालणे पक्षावर घालण्याइतके सोपे नसते. वैचारिक बैठक अतिउजवे विचारवंत ज्युलिओ एव्होला यांची, चिन्ह दुधारी कुऱ्हाड आणि ब्रीद थेट एसएस या नाझी निमलष्करी दलाचे: 'निष्ठा हाच आमचा सन्मान'. (गंमत अशी की 'ऑर्दिने नुओव्हो', म्हणजे 'नवी व्यवस्था', हेच नाव १९१९ मध्ये तोरिनोत ग्राम्शी यांनी आपल्या साम्यवादी नियतकालिकाला दिले होते.) १९६९ च्या अखेरीस राऊती एमएसआयमध्ये परतले. ज्यांना परतायचे नव्हते, त्यांनी क्लेमेंते ग्रात्सियानी यांच्या नेतृत्वाखाली त्याच नावाची 'राजकीय चळवळ' काढली. १९७३ ची बंदी आली ती या दुसऱ्या संघटनेवर.

उत्तररात्र:
वरील विवेचनात, या संघटनेच्या वर्तुळाशी पुढे जोडल्या गेलेल्या बॉम्बस्फोटांतील पुराव्यांचा मुद्दा राहिला. १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या पियाझ्झा फोंताना येथील कृषी बँकेत दुपारी ४.३७ वाजता स्फोट झाला आणि १७ जणांचा बळी गेला. शुक्रवारच्या बाजारासाठी आलेल्या शेतकऱ्यांमुळे त्या वेळीही बँक भरलेली होती. त्याच दिवशी मिलानमधल्या दुसऱ्या एका बँकेत न फुटलेला बॉम्ब बॅगेसकट सापडला. तो तपासायचा सोडून त्याच संध्याकाळी बँकेच्या अंगणात उडवून देण्यात आला. संशय अराजकतावाद्यांवर गेला. त्यांच्यापैकी जुझेप्पे पिनेल्ली यांचा तीन दिवसांनी पोलीस मुख्यालयाच्या खिडकीतून पडून मृत्यू झाला. २८ मे १९७४ रोजी उत्तर इटलीतल्या ब्रेश्या शहरात फॅसिझमविरोधी सभेत कचऱ्याच्या डब्यातला बॉम्ब फुटून आठ जण मारले गेले, तेव्हाही दोन तासांच्या आत अग्निशामक दलाकडून चौक धुऊन काढण्यात आला. इतक्या तत्परतेला केवळ निष्काळजीपणा म्हणणे मला जड जाते.

वाटसरू:
मग न्यायालयांनी अखेर कोणाला जबाबदार धरले?

उत्तररात्र:
पियाझ्झा फोंतानाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये नमूद केले की, हा स्फोट 'ऑर्दिने नुओव्हो'च्या वर्तुळातल्या, फ्रांको फ्रेदा आणि जोव्हान्नी व्हेंतुरा यांच्या पादुआतील गटाने घडवला. परंतु हे दोघे १९८७ मध्येच अंतिमतः निर्दोष सुटले असल्याने त्यांच्यावर पुन्हा खटला चालवता येत नव्हता. ब्रेश्याच्या खटल्यात 'ऑर्दिने नुओव्हो'च्या व्हेनेतो विभागाचे नेते कार्लो मारिया माज्जी यांची आणि मौरित्सिओ त्रामोंते याची जन्मठेप २०१७ मध्ये, म्हणजे ४३ वर्षांनी, कायम झाली. यांपैकी त्रामोंते लष्करी गुप्तहेर खात्याचा खबऱ्या होता, आणि तुमच्या 'झोपवले होते' या शब्दाला मला सर्वांत वजनदार आधार वाटतो तो हाच.

जुनी पाने:
सरकारी वकील व्हित्तोरिओ ऑक्कोर्सिओ यांचाही उल्लेख व्हायला हवा. मिलानच्या स्फोटानंतर अराजकतावादी पिएत्रो व्हालप्रेदा यांच्यावर आरोप ठेवणारे तेच. व्हालप्रेदा पुढे निर्दोष ठरले. आणि १९७३ मध्ये शेल्बा कायद्याखाली 'ऑर्दिने नुओव्हो'च्या नेत्यांना दोषी ठरवून घेणारेही तेच. त्या निकालावरून अपिलाची वाट न पाहता गृहमंत्री ताव्हियानी यांनी विसर्जनाचा आदेश काढला. १० जुलै १९७६ च्या सकाळी रोममध्ये घरापासून जवळच पिएरलुइजी कोंकुतेल्ली याने ऑक्कोर्सिओ यांना गोळ्या घातल्या. घटनास्थळी टाकलेल्या पत्रकांवर नाव होते त्याच संघटनेचे, जी कागदोपत्री अडीच वर्षांपूर्वी विसर्जित झाली होती.