लेकीच्या घराजवळ फ्रॅकिंग होणार आहे (पेनसिल्व्हेनिया). पाण्याचं काय करावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापूरचे, राजारामपुरीत राहतो. लेक-जावई पेनसिल्व्हेनियात असतात. गावाबाहेर घर घेतलंय, तिथं नळाचं पाणी नाही, घरचीच बोअर आहे. लेकीला पाचवा महिना लागलाय. आता गॅस कंपनीचं पत्र आलंय: घरापासून साधारण दोन हजार फुटांवर गॅसची विहीर खोदणार आणि मग फ्रॅकिंग करणार. त्याआधी तुमच्या बोअरचं पाणी तपासायला माणूस पाठवतो म्हणतात. जावई म्हणतात, कंपनीच्या माणसाला फाटकातून आत घ्यायचं नाही.

मी जमेल तेवढं वाचून काढलं. मार्सेलस शेल नावाचा गॅस असलेला खडक तिथं मैलभर किंवा त्याहून खोल आहे. पाणी, वाळू आणि रसायनं प्रचंड दाबानं आत सोडून तो फोडतात आणि गॅस काढतात, हेच फ्रॅकिंग. पण खडक खोल आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. विहिरीचा पाइप भूजलाच्या थरातूनच खाली जातो आणि त्याभोवतीचं सिमेंट नीट बसलं नाही, तर मिथेन हा पेट घेणारा वायू वर चढतो. त्याच राज्यातल्या डिमॉक गावात २००९ साली बोअरच्या पाण्यात मिथेन आल्याचं प्रकरण गाजलं होतं. न्यूयॉर्क राज्यानं तर २०१४ मध्ये फ्रॅकिंगला बंदीच जाहीर केली.

पाणी नासलं की काय होतं हे पंचगंगेकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. २०१२ ची इचलकरंजीतली काविळीची साथ आम्ही जवळून बघितली आहे.

आणखी एक गोष्ट. लेकीनं व्हिडिओ पाठवलाय. नळाचं पाणी ग्लासात घेतलं की आधी दुधाळ दिसतं, मग बारीक बुडबुडे वर जाऊन तळाकडून नितळ होत येतं. विहीर खोदायच्या आधीच हे असं आहे! तिथं कुणी राहत असेल, या कामातलं कुणी असेल, तर कृपया सांगा. कंपनीला अडवायचं की येऊ द्यायचं?

प्रतिसाद

काकू, अजिबात अडवू नका. पेनसिल्व्हेनियाच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे अशा विहिरीपासून २,५०० फुटांच्या आतलं पाणी काम झाल्यावर १२ महिन्यांत बिघडलं, तर दोष कंपनीचाच धरतात. तो आपला नाही हे कंपनीनं सिद्ध करायचं. पण घरमालकानंच आधीची तपासणी करू दिली नाही, तर कंपनीला सुटायला वाट मिळते. तेव्हा त्यांना येऊ द्या, रिपोर्टची प्रत मागून घ्या, आणि शिवाय खोदाईआधीच राज्यमान्य लॅबकडून स्वतःची वेगळी तपासणी करून घ्या. नमुना लॅबच्या माणसानंच घ्यावा, म्हणजे पुढे कोर्टात टिकतो. मिथेन, क्लोराइड, बेरियम, स्ट्रॉन्शियम, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) हे तरी हवंच.

दुधाळपणा नुसत्या हवेनंही येतो. पण त्या भागात काही बोअरमध्ये मुळातच मिथेन असतो, म्हणून आत्ताचा आकडा कागदावर हवा. नाहीतर उद्या 'गॅस आधीपासूनच होता' म्हणायला ते मोकळे. मिथेन निघाला तर आयसोटोप तपासणीही करा, तो उथळ थरातला की खोल खडकातला याचा अंदाज येतो. आणि नळाशी काडी पेटवून बघायचं धाडस कुणीही करू नका.

मला पाण्याइतकीच हवेची काळजी वाटते. ट्रकचा धूर, जळता गॅस, बेंझिन, हे पाण्याच्या रिपोर्टात दिसत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या ११ लाखांहून जास्त जन्मांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. विहिरीपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आयांना कमी वजनाचं बाळ होण्याची शक्यता २५ टक्क्यांनी जास्त निघाली. तीन किलोमीटरपलीकडे परिणाम आढळला नाही. काम चालू असताना लेकीला दुसरीकडे राहता येईल का, ते बघा.

धागाकर्ती

मनापासून आभार. जावयांशी बोलणं झालं, ते कंपनीच्या माणसाला येऊ देणार आहेत. लॅबलाही फोन करतील. पिट्सबर्गला माझी भाची असते, लेकीला तिच्याकडे पाठवायचं मनात आहे. आता एवढंच सांगा: रिपोर्ट येईपर्यंत पिण्याला आणि स्वयंपाकाला बाटलीचं पाणी वापरलं तर पुरे, की मिथेन असेल तर बंद बाथरूममधल्या आंघोळीचाही विचार करावा लागेल?